ब्रेक पॅडच्या कडेवरची दोन अक्षरं

पीएच.डी.ची तयारी करणारे बरेच जण विचारतात, "विषय सापडतो कसा हो?" या वेळी माझं उत्तर जरा विचित्र वाटेल. मला एक चांगला प्रश्न सापडला तो ट्रकचे ब्रेक बदलताना.

मी अमेरिकेत तंत्रज्ञानाच्या इतिहासावर काम करतोय. माझ्या रूममेटकडे एक जुना पिकअप ट्रक आहे. (इथे ट्रक म्हणजे आपल्याकडचा दहाचाकी नाही, मागे उघडा हौदा असलेली मोठी गाडी.) उतारावर ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरायचं. चाक काढून पाहिलं तर रोटरवर, म्हणजे आपल्या मेकॅनिकच्या भाषेत डिस्कवर, खोल चरे. रोटरच्या लोखंडातच किमान जाडीचा आकडा ओतलेला असतो. मोजमाप त्याच्या खाली गेलं होतं. म्हणजे रोटर आणि पॅड दोन्ही नवे घ्यायला हवे होते. कंपनीचा मूळ माल परवडणारा नव्हता, म्हणून आम्ही स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. काउंटरवर खोकी आली: सेमी-मेटॅलिक, सिरॅमिक, भोकं पाडलेले रोटर, खाचा पाडलेले रोटर. प्रत्येक खोक्यावर "उत्कृष्ट ब्रेकिंग" लिहिलेलं.

आता सांगा, यातलं खरं काय हे कसं ठरवाल? इथूनच इतिहासाचं काम सुरू होतं.

खोकं नाही, कडा वाचा

पॅडच्या कडेवर छापलेल्या अक्षरांच्या मालिकेत दोन अक्षरं असतात, उदाहरणार्थ 'एफएफ' किंवा 'जीजी'. पहिलं अक्षर सर्वसाधारण तापमानाचं घर्षण सांगतं, दुसरं तापल्यावरचं. 'ई' म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, 'एफ' म्हणजे ०.३५ ते ०.४५, 'जी' म्हणजे ०.४५ ते ०.५५. मला वाटलं, झालं काम! मोठं अक्षर घ्यायचं आणि निघायचं.

पण थांबा. आपण बखर वाचताना काय विचारतो? ही कोणी लिहिली, कोणासाठी लिहिली, कशाच्या आधारावर लिहिली. तेच इथे विचारा. ही अक्षरं येतात प्रयोगशाळेतल्या यंत्रावरून. एक इंच लांब, एक इंच रुंद असा मटेरियलचा तुकडा कापून फिरत्या ड्रमवर घासतात. त्यात तुमचा ट्रक नाही, त्याचं वजन नाही, मागे लावलेला ट्रेलर नाही. हा आकडा खोटा नाही, पण तो दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. साधनचिकित्सा म्हणजे नेमकं हेच. साधन खरं की खोटं एवढं विचारून भागत नाही, ते कोणत्या प्रश्नाचं उत्तर म्हणून तयार झालं हेही पाहावं लागतं.

पुढचा प्रश्न मग आपोआप येतो: मग गाडीवरची चाचणी कोण घेतं? युरोपात संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक ९० लागू आहे. बदली पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या १५ टक्क्यांच्या आत असली पाहिजे, असं तो सांगतो. अमेरिकेत नव्या गाडीच्या ब्रेकला केंद्र सरकारचे कडक निकष आहेत, पण नंतर दुकानातून घेतलेल्या पॅडच्या कामगिरीला तसा केंद्रीय निकष नाही. गाडी तीच, उतार तोच, माणसं तीच. शोरूमबाहेर पडल्यावर नियम मात्र बदलतो. हे असं का झालं? हा झाला संशोधनाचा प्रश्न.

धुळीचा इतिहास

थोडं मागे जाऊ. १८८८ मध्ये बर्था बेंझ मानहाइमहून फोर्झहाइमला मोटारीने गेल्या. वाटेत ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा त्यांनी चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं, असं सांगतात. म्हणजे झिजलेल्या ब्रेकला बाजारातून दुसरं मटेरियल लावणं हे मोटारीइतकंच जुनं आहे! पुढच्या दशकात इंग्लंडमध्ये डर्बीशरच्या डोंगराळ भागात हर्बर्ट फ्रूड यांनी घोडागाड्यांच्या ब्रेकसाठी अस्तर बनवायला सुरुवात केली. त्यातूनच फेरोडो ही कंपनी उभी राहिली. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं, पण धातूवर धातू घासून भयंकर किंचाळी यायची. डिस्कची कल्पना होती, तिला साजेसं अस्तर नव्हतं. डिस्क ब्रेकचा डंका वाजला तो १९५३ मध्ये, जॅग्वारने ल माँ शर्यत जिंकली तेव्हा.

मधल्या काळात अस्तराचा राजा होता ॲस्बेस्टॉस. जळत नाही, धागा विणता येतो, स्वस्त मिळतो. दोष एकच, पण जीवघेणा: झिजल्यावर त्याची धूळ होते आणि ती फुप्फुसात जाते. ड्रम उघडला की मेकॅनिक ती धूळ हवेच्या पाइपने उडवायचे. १९८६ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने मेकॅनिकांसाठी खास मार्गदर्शक पुस्तिका काढली. १९८९ मध्ये तिने ॲस्बेस्टॉसच्या बहुतेक वस्तूंवर टप्प्याटप्प्याने बंदी जाहीर केली. १९९१ मध्ये संघीय अपील न्यायालयाने त्या बंदीचा बराचसा भाग रद्द केला.

हा निकाल जरूर मुळातून वाचा. आपल्या डोक्यात कथा तयार असते: कंपन्या वाईट, बंदी चांगली, न्यायालय कंपन्यांच्या बाजूचं. मीही तसाच वाचायला बसलो होतो. पण निकालातला एक मुद्दा थेट आपल्या दुकानातल्या काउंटरवर येतो. ज्या जुन्या गाड्यांचे ब्रेक ॲस्बेस्टॉस धरून आखले होते, त्यांत दुसरं मटेरियल बसवलं तर ब्रेक कमी पडून रस्त्यावर माणसं मरतील का, हे संस्थेने पुरेसं तपासलं नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. म्हणजे एका बाजूला मेकॅनिकचं फुप्फुस, दुसऱ्या बाजूला उतारावरची गाडी. दोन्ही बाजूंना जीवच आहेत. न्यायालयाशी तुम्ही सहमत व्हा किंवा होऊ नका; पण या पेचाला बगल देऊन लिहिलेला इतिहास अर्धवट राहील. बदली बाजारातल्या ब्रेकमधल्या क्रिसोटाइल ॲस्बेस्टॉसवर अमेरिकेत बंदीचा नियम आला तो मार्च २०२४ मध्ये.

गोष्ट इथेही संपत नाही. ॲस्बेस्टॉसच्या जागी जे मिश्रण आलं, त्यात तांबं चांगलं काम करायचं, कारण ते उष्णता पटकन वाहून नेतं. मग तांब्याची धूळ पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यांत गेली. विरघळलेलं तांबं सॅमन माशांच्या वासाच्या जाणिवेवर घाला घालतं. २०१० मध्ये वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया राज्यांनी कायदे केले. कॅलिफोर्नियात २०२१ पासून मर्यादा ५ टक्के, २०२५ पासून ०.५ टक्का. आता पुन्हा पॅडच्या कडेकडे बघा. घर्षणाच्या दोन अक्षरांनंतर कधी 'ए', कधी 'बी', कधी 'एन' दिसेल. 'एन' म्हणजे तांबं ०.५ टक्क्याच्या खाली. माशांसाठी झालेला कायदा पॅडच्या कडेवर एका अक्षरात उमटलाय.

आणि माझे मामा

हे सगळं वाचताना मला सांगलीजवळचं मामांचं गॅरेज आठवत होतं. ड्रम उघडला की मामा आधी जोरात फुंकर मारायचे, मग बोटाने पुसायचे. मी शेजारी उभा असायचो. मामा आता बोलताना मध्येच थांबून श्वास घेतात. डॉक्टर म्हणतात बिडी. असेलही. त्या लायनरची खोकी केव्हाच रद्दीत गेली, गॅरेजची बिलं पावसात भिजली. न्यायालयात मांडायला किंवा प्रबंधात लिहायला माझ्याकडे काहीच नाही. म्हणून मी ते प्रबंधात लिहिणार नाही. पण कोणाची कागदपत्रं उरतात आणि कोणाची रद्दीत जातात, हा प्रश्न मात्र माझ्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात आला, तो मामांमुळे.

हे लक्षात ठेवा: आठवण हा पुरावा नसतो, पण कुठे शोधायचं हे ती नक्की सांगते.

शेवटी काय घेतलं?

भोकांचे रोटर घेतले नाहीत. दिसायला झकास, पण भोकांपाशी तडे जाण्याची भीती, आणि आम्हाला शर्यत लावायची नव्हती. साधे, हवा खेळणारे ओतीव लोखंडाचे रोटर घेतले. ट्रेलर ओढायचा असल्याने सेमी-मेटॅलिक पॅड घेतले, आवाज थोडा जास्त येणार हे धरून. कडेवर 'एन' आहे याची खात्री केली. जुनी धूळ फुंकली नाही, ओल्या फडक्याने पुसली.

आता तुमच्यासाठी गृहपाठ. घरातली कुठलीही एक झिजणारी वस्तू घ्या: चपलेचा तळ, कुकरची रिंग, सायकलचा ब्रेक. तीवर छापलेलं एकेक अक्षर वहीत उतरवा आणि प्रत्येकासमोर तीन प्रश्न लिहा. हे कोणी लिहायला लावलं? कशासाठी? आणि ही वस्तू झिजून जाते कुठे? तिसऱ्या प्रश्नापाशी अडलात, तर वही बंद करू नका. बहुतेक तुमचा विषय तिथेच आहे.