हगाम्याचा प्रेक्षक

नगर जिल्ह्यातील गावोगावच्या यात्रांत, नदीच्या पात्रात किंवा देवळामागच्या नांगरलेल्या वावरात, कुस्त्यांचा जो हगामा भरतो, त्याच्याभोवती कडे करून बसणाऱ्या समुदायाला नुसते प्रेक्षक म्हणणे अपुरे आहे. कारण ज्या इनामासाठी मल्ल परस्परांना भिडतात, ते इनाम त्याच समुदायाच्या पदरचे असते. यात्रेपूर्वी गावकरी उंबऱ्या-उंबऱ्याला फिरून वर्गणी गोळा करतात, तिचा जमाखर्च मांडला जातो, आणि लहान पोरांच्या रेवड्यांवरील कुस्तीपासून अखेरच्या मानाच्या कुस्तीपर्यंतचा भार ती वर्गणी उचलते. शिवाय हलगी कडाडत असता एखादा डाव मनाजोगा पडला, म्हणजे विजयी मल्ल कड्याभोवती फेरी मारतो आणि कुणी दहाची, कुणी पन्नासाची नोट त्याच्या हाती ठेवतो; मल्ल परमुलखातला आहे म्हणून कुणाचा हात आखडत नाही. द्रव्य पाहणाऱ्याकडून थेट खेळणाऱ्याकडे जावे, मध्ये दरवाजा नसावा, ही या प्रथेची मूळ घडण आहे, आणि मला ती फार मोलाची वाटते.

तिकिटाला बांधीव जागा लागते. उघड्या वावराला दरवाजा कोठून आणावा? ती जागा कुस्तीला राजाश्रयाने मिळाली. १९०२ साली विलायतेच्या प्रवासात राजर्षी शाहू महाराजांनी रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले, आणि त्याच धर्तीवर, मागे बसलेल्यालाही आखाडा स्वच्छ दिसावा अशा उतरत्या बैठकीचे खासबाग मैदान १९१२ पर्यंत कोल्हापुरात उभे राहिले. पुढे त्याच शहरातील तालमींनी फुटबॉल आपलासा केला. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावे मुळात आखाड्यांची. परंतु आज शाहू स्टेडियमवर त्यांच्या संघांसाठी पेठाच्या पेठा लोटतात, आणि कोणत्या संघाचा जयघोष करावयाचा हे बहुधा माणसाच्या जन्माच्या गल्लीवरूनच ठरलेले असते.

इंग्लंडातील फुटबॉलची कुळी याहून फारशी निराळी नाही. १८८६ साली वूलविचच्या शस्त्रागारातील कामगारांनी स्थापिलेला संघ म्हणजेच आजचा आर्सेनल. परंतु तेथे सज्जे कंपन्यांच्या पाहुण्यांसाठी राखीव होत गेले, दर चढत गेले, आणि पिढीजात निष्ठावंतांना घरचेच मैदान परके वाटू लागले. लिव्हरपूलने एका नव्या सज्जातील सर्वांत महाग आसनाचा दर ७७ पौंड ठरविला, तेव्हा ६ फेब्रुवारी २०१६ रोजी सामन्याच्या ७७ व्या मिनिटाला हजारो लोक उठून चालते झाले; आपला संघ तेव्हा दोन गोलांनी पुढे होता, तरीही. थोड्याच दिवसांत मालकांनी क्षमा मागून तो दर मागे घेतला.

आता नगरातही मोठी मैदाने गाजू लागली आहेत. २०२५ च्या फेब्रुवारीत वाडिया पार्कवर महेंद्र गायकवाडवर मात करून पृथ्वीराज मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला. एवढ्या मोठ्या स्पर्धांना प्रायोजक हवेत, त्यांच्या पाहुण्यांना बैठकही हवी, हे मी नाकारीत नाही. मल्लाचा खुराक महाग आहे आणि गावच्या वर्गणीने तो वर्षभर भागत नाही. मागणे इतकेच, की आखाड्यालगतची पहिली रांग कोचांनी अडवू नये. ती ज्या गावांनी हगामे चालविले त्यांच्या पंचांना, वस्तादांना आणि वर्गणीदारांना विनामूल्य द्यावी.