सावलीवर मतदान

मागच्या उन्हाळ्यात आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक पोल आला. शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर टॉवर येणार अशी कुणकुण होती. ‘किती मजले चालतील?’ पर्याय चार. तीन दिवसांनी कुणीतरी लग्नाची पत्रिका टाकली आणि पोल वर सरकून गेला. समोरच्या घरातल्या काकांनी मात्र मला फोन केला. ‘तू कॉम्प्युटरवाला ना, शोध बरं. असं खरंखुरं मतदान कुठे होतं का?’

होतं. सॅन फ्रान्सिस्को, नोव्हेंबर 1971.

अल्विन डस्किन हा बायकांचे कपडे शिवणारा कारखानदार. खाडीकाठी एका पोलाद कंपनीला 550 फुटांचा टॉवर हवा होता, ट्रान्सअमेरिका पिरॅमिडचं काम सुरूच होतं. डस्किनने सह्या गोळा करून प्रस्ताव थेट मतपत्रिकेवर नेला : 72 फुटांहून उंच काही बांधायचं तर आधी मतदारांना विचारा. तो हरला. दहातले सुमारे सहा जण विरोधात गेले. पुढच्या वर्षीचा सौम्य प्रस्तावही पडला. पण एवढा गाजावाजा झाल्यावर नगररचना खात्यानेच 1972 मध्ये शहरभर उंचीच्या मर्यादा घातल्या. आणि 2014 मध्ये किनाऱ्यावरच्या जागांपुरता तसा कायदा मतदानाने मंजूरही झाला.

याची दुसरी बाजू काकांना सांगावी की नाही, असा प्रश्न मला पडला. तिथली घरभाडी आज अमेरिकेतल्या सर्वांत महागड्या भाड्यांत मोडतात, आणि उंचीवरची बंधनं हे त्यामागचं एक कारण, असं बरेच अर्थतज्ज्ञ म्हणतात. जो माणूस त्या न बांधलेल्या मजल्यावर राहायला आला असता, त्याला मत नव्हतं. तो अजून शहरात आलेलाच नव्हता. आमच्या पोलमध्ये मी ‘चार मजले’वर बोट दाबलं होतं, तेही हिंजवडीतल्या चौदाव्या मजल्यावरच्या भाड्याच्या फ्लॅटमधून.

आपल्याकडे उंचीचा इतिहास मतपेटीतून नाही, प्लेगमधून सुरू होतो. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला, 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढे ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम रेटला : खोलीच्या खिडकीतून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे रेषा काढली, तर तिचा कोन 63.5 अंशांहून जास्त नको. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचं गणित. या कोनाचा टॅन्जंट जवळपास 2 येतो, म्हणजे दोन इमारतींत दहा फूट जागा असेल तर उंची वीस फूट. एका ओळीत बसणारा हा नियम मला फार आवडला. पण ज्यांच्या चाळी ट्रस्टने पाडल्या त्यांना कुणी विचारलं नव्हतं. महापालिकेचं मतच तेव्हा मोजक्या करदात्यांना होतं.

1964 मध्ये मुंबईत एफएसआय आला, म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक. तेव्हापासून उंची हा हिशोबातून निघणारा आकडा झाला : प्लॉट, रस्त्याची रुंदी, टीडीआर, प्रीमियम. डिसेंबर 2020 पासून मुंबई आणि काही भाग सोडून राज्यभर एकच नियमावली आहे. ती वाचायला मला दोन रविवार लागले, आणि तरी निम्मी डोक्यावरून गेली.

नागरिकाच्या हाती उरते 1966 च्या नगररचना कायद्यातली हरकत. विकास आराखडा जाहीर झाला की मुदतीत लेखी अर्ज द्यायचा. 2015 मध्ये मुंबईच्या आराखड्यावर हजारोंनी हरकती आल्या आणि सरकारला तो मागे घ्यावा लागला. आमच्या शहराच्या वाढीव हद्दीचा आराखडा 2016 मध्ये खंडपीठाने रद्द केला, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. एकेका टॉवरसाठी मात्र अशी खिडकी नाही. त्यात एप्रिल 2020 पासून पुढची अनेक वर्षं आमच्या महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता. गाऱ्हाणं तरी कुणाकडे न्यायचं?

गंमत म्हणजे याच महाराष्ट्रात दारूच्या दुकानावर मतदान होतं. गावातल्या किंवा वॉर्डातल्या 25 टक्के महिला मतदारांनी सह्या दिल्या की उभी बाटली की आडवी बाटली, असं गुप्त मतदान घेता येतं. एकूण मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली की दुकान बंद. म्हणजे आपल्याला मतदान जमत नाही, असं म्हणायची सोय नाही.

हे सगळं काकांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, बाटलीवर हसले. मग म्हणाले, ‘मजले किती का होईनात रे. आपल्याला जायकवाडीचं पाणी आठ-दहा दिवसांनी येतं. त्या टॉवरला कुठून देणार, हे कुणी लिहून दिलंय का?’

पोलमध्ये हा पर्यायच नव्हता. माहिती अधिकाराचा अर्ज मी टाइप करून ठेवलाय. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट काका आणणार आहेत.