मौनाचे वाचन : अत्याचारानंतरचे पहिले दिवस आणि विद्यापीठ

१९७२ साली परस्परांशी कोणताही संबंध नसलेल्या दोन घटना घडल्या. मार्चमध्ये तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच बलात्कार केल्याचे प्रकरण उद्भवले. जुलैपासून बॉस्टन सिटी हॉस्पिटलमध्ये परिचर्याशास्त्राच्या अध्यापिका ॲन बर्जेस आणि समाजशास्त्रज्ञ लिंडा होल्मस्ट्रॉम या बलात्कारानंतर तातडीच्या विभागात आणल्या जाणाऱ्या स्त्रियांना भेटू लागल्या. दोघी बॉस्टन कॉलेजात शिकवीत. रुग्णालयाचा दूरध्वनी येताच, मग ती रात्र का असेना, तेथे पोहोचत आणि पुढे त्या स्त्रियांशी संपर्कही ठेवीत.

१९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातील एक निरीक्षण साहित्याच्या अभ्यासकांनीही लक्षात घ्यावे असे आहे. रडणाऱ्या, थरथरणाऱ्या, भय उघडपणे व्यक्त करणाऱ्या स्त्रिया जितक्या होत्या, साधारण तितक्याच स्त्रिया वरकरणी शांत आणि संयत होत्या. म्हणजे शांतपणा हाही आघाताचाच एक आविष्कार होय. आक्रोशालाच दुःखाची खूण मानण्याची वाचनपद्धती येथे अपुरी ठरते.

त्याच वाचनपद्धतीने भारतात मात्र निकाल लागला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये रद्द केली; अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, हा त्यामागील प्रमुख आधार. सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहून संमती आणि शरणागती यांतील भेद दाखवून दिला. १९८३ च्या कायदादुरुस्तीमागे या पत्रातून उभी राहिलेली चळवळ होती.

विद्यापीठातील अध्यापकांनी हा लढा दिला खरा. विद्यापीठाच्या आवारातील विद्यार्थिनीचा प्रश्न मात्र संस्थात्मक पातळीवर फार उशिरा आला. १९९७ च्या विशाखा निकालानंतर जवाहरलाल नेहरू विद्यापीठात १९९९ मध्ये विद्यार्थ्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी असलेली समिती स्थापन झाली. २०१७ मध्ये ती बाजूला सारून अंतर्गत तक्रार समिती नेमली गेली आणि निवडणुकीचे तत्त्व मागे पडले, ही हानी लहान नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांत चौकशीसाठी ९० दिवसांची मुदत आहे, आणि चर्चा बहुधा तिच्याचभोवती फिरते. त्याच विनियमांतील अंतरिम साहाय्याची तरतूद अधिक मोलाची आहे. तक्रारदार विद्यार्थिनीला तीन महिन्यांपर्यंत रजा मिळू शकते, तिचे कोणतेही हक्क न गमावता. तिची उत्तरपत्रिका तपासण्यापासून आरोपीला रोखता येते. ज्या वर्गात तो बसतो किंवा शिकवतो तेथे पुन्हा जाण्याची भीती ज्या विद्यार्थिनीला वाटते, तिच्या दृष्टीने न्यायाची सुरुवात येथून होते.

त्याही आधीचे तीन दिवस मैत्रिणीच्या किंवा वसतिगृहाच्या अधीक्षिकेच्या हाती असतात. एचआयव्ही-प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते. गर्भनिरोधक गोळीही जितकी लवकर तितकी उपयोगी. वैद्यकीय पुरावा साधारण ९६ तासांपर्यंत मिळू शकतो, त्यामुळे न धुतलेले कपडे कागदी पिशवीत जपून ठेवणे इष्ट. मात्र आंघोळ झाली म्हणून रुग्णालयात जाण्याचे टाळण्याचे कारण नाही. २०१३ पासून सरकारी आणि खासगी अशा सर्व रुग्णालयांवर मोफत उपचारांचे बंधन आहे, आणि ते २०२४ मध्ये लागू झालेल्या नव्या संहितेतही कायम आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी 'दोन बोटांची' चाचणी नाकारली, जखमांचा अभाव म्हणजे संमती नव्हे हे नमूद केले, आणि पोलिसांत जाण्यास स्त्रीने दिलेला नकारही लेखी नोंदवून उपचार चालू ठेवण्यास सांगितले. रुग्णालयाने पोलिसांना कळविणे आणि तिने जबाब देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सोबत गेलेल्या व्यक्तीला ठाऊक असले तर तिच्यावर दडपण येत नाही. 'तू तेथे गेलीसच का' हा प्रश्न त्या खोलीत कोणीही विचारू नये. महाविद्यालयात अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या मुलीही असतात. त्यांच्या बाबतीत २०१२ च्या बालसंरक्षण कायद्यानुसार पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे, आणि ही गोष्ट तिला आधीच सांगावी लागते.