घोड्यांची किंमत

शाळेच्या पुस्तकात बीजगणिताचा क्रम ठरलेला असतो. आधी पदावल्यांना सोपे रूप द्यायचे, मग समीकरणे सोडवायची आणि प्रकरणाच्या शेवटी शाब्दिक उदाहरणे. वेळ कमी पडला की तीच गाळली जातात. खरे गणित चिन्हांत असते आणि गोष्ट ही वरची सजावट, अशी समजूत या मांडणीमागे आहे. भास्कराचार्यांचे 'बीजगणित' उघडले की ती टिकत नाही. इ.स. ११५० च्या या ग्रंथात एका अज्ञाताच्या समीकरणाचा विषय निघतो आणि लगेच घोड्यांचे उदाहरण येते. एकाजवळ सहा घोडे आणि रोख ३००. दुसऱ्याजवळ दहा घोडे, पण डोक्यावर १०० चे कर्ज. दोघांची मत्ता सारखी, तर एका घोड्याची किंमत किती? अज्ञात किंमत 'यावत्तावत्' मानून तिच्यासाठी 'या' लिहायचे, ज्ञात संख्येसाठी 'रू', ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब, आणि दोन्ही पक्ष एकाखाली एक मांडायचे. शोधन केले, म्हणजे दोन्ही बाजूंतून सारखेच वजा केले, की चार घोड्यांचे ४०० उरतात; किंमत १००. ऋण संख्येची वेगळी ओळख इथे करून द्यावी लागत नाही, कारण कर्ज कशाला म्हणतात हे शिकणाऱ्याला आधीच कळलेले असते. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये धन आणि ऋण यांचे नियम दिले, तेही याच व्यवहाराच्या भाषेत.

गोष्ट केवळ समीकरण उभे करून थांबत नाही, उत्तर पारखण्याचे कामही तीच करते. याच ग्रंथातले माकडांचे उदाहरण मला म्हणूनच फार मोलाचे वाटते. कळपाच्या पाचव्या हिश्श्यातून तीन वजा करून उरलेल्या संख्येचा वर्ग केला, तितकी माकडे गुहेत शिरली आणि एक फांदीवर दिसते आहे, कळप केवढा? वर्गसमीकरणाची उत्तरे दोन येतात, ५० आणि ५. चिन्हांपुरते पाहिले तर दोन्ही बरोबर. पण पाचाचा पाचवा हिस्सा एक, त्यातून तीन माकडे वजा कशी करणार? उणे संख्येवर लोकांचा विश्वास बसत नाही, असे सांगून भास्कराचार्य ५ हे उत्तर बाजूला ठेवतात. दुसऱ्या एका कळपाच्या उदाहरणात मात्र १६ आणि ४८ ही दोन्ही उत्तरे ते स्वीकारतात, कारण तिथे अशी अडचण येत नाही. आज आपण म्हणू की पहिल्या उदाहरणात कळप १५ हून मोठा असण्याची अट आहे. असमानतेचे स्वतंत्र प्रकरण या ग्रंथात नाही, तरी तिची गरज गोष्टीनेच निर्माण केली आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. भास्कराचार्यांनीही आधी धन-ऋण, शून्य आणि अव्यक्त राशींच्या क्रिया शिकवल्या, समीकरण नंतर आणले. खरेच आहे, हात बसल्याशिवाय कुणालाच पुढे जाता येत नाही. पण त्या क्रिया त्यांच्या लेखी तयारीच होत्या. शब्दांतून दोन समान पक्ष उभे करणे हेच मुख्य काम, आणि ते त्यांनी स्वतःच्या टीकेत उदाहरणागणिक करून दाखवले. दुसरा आक्षेप असा की असली उदाहरणे कृत्रिम आहेत, माकडांचा वर्ग कुणी करत नाही. तेही मान्य. मात्र गोष्ट खरी घडलेली असण्याची गरजच नाही. अशक्य काय आणि शक्य काय हे ठरवण्याइतकी ती ओळखीची असावी लागते. कोरड्या समीकरणात ५ नाकारायला कारणच सापडत नाही.

हा अभ्यास एखाद्या घराण्यापुरता राहू नये अशी व्यवस्थाही झाली होती. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शके ११२८ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन केला, असे त्यात नोंदले आहे. लेखाचा शेवटचा भाग मराठीत असून, बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा वाटा मठाला लावून दिल्याची नोंद तिथे आहे. ज्यांच्या खरेदी-विक्रीतून आणि देण्या-घेण्यातून ही उदाहरणे उचलली होती, त्याच व्यवहारातून त्यांच्या अध्यापनाचा खर्च निघत होता.