भोंग्यापासून लॉगिनपर्यंत : नागपूरच्या नोकरदार तरुणाची दीडशे वर्षे

१/ नागपूरच्या आयटी पार्कमध्ये नोकरी करणाऱ्या कोणत्याही पंचविशीतल्या तरुणाच्या पगारपत्रकात एक ओळ असते : पीएफ. तो हाती पडणारी रक्कम पाहतो. या ओळीकडे त्याचे लक्ष क्वचितच जाते. या ओळीचा एक पूर्वज मात्र त्याच्याच शहरात, गांधीसागर तलावाच्या परिसरात, एकोणिसाव्या शतकात जन्मला. आजचा धागा या दोन ठिकाणांमधल्या अंतराविषयी आहे.

२/ आधी वर्तमान पाहू. अंबाझरीच्या दक्षिणेला परसोडी, गायत्रीनगर, त्रिमूर्तीनगर, प्रतापनगर हा पट्टा. एका पिढीपूर्वी येथे शहर संपत असे. आज सायंकाळी कार्यालये सुटली की रस्त्याच्या कडेला खाण्याच्या गाड्यांची रांग लागते, गळ्यात ओळखपत्र अडकवलेली मुले-मुली चहाभोवती जमतात आणि शेजारच्या जुन्या घरांतील मंडळी गेटासमोर लागलेल्या दुचाक्यांकडे पाहत उभी असतात. वस्ती एकच, तिच्यातली घड्याळे मात्र दोन.

३/ एकाच वस्तीत दोन घड्याळे हा अनुभव नागपूरला नवा नाही. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे येथे पोहोचली. त्याआधी १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले होते आणि १८६१ मध्ये नागपूर मध्य प्रांताची राजधानी झाले होते. दरबार गेला, कचेरी आली. आगगाडीपाठोपाठ तिसरी गोष्ट येणार होती : कारखाना.

४/ जमशेटजी टाटांनी मुंबई सोडून नागपूर निवडले, त्याचे कारण हिशेबी होते. भोवती कापसाचा मुलूख, दाराशी रेल्वे, वऱ्होऱ्याकडे कोळसा. १८७४ मध्ये १५ लाख रुपये भांडवलाची कंपनी उभी राहिली. जागा घेतली ती जुम्मा तलावाजवळची, म्हणजे आजच्या गांधीसागरजवळची, पाणथळ जमीन. ती भरावी लागली. एका सावकाराने या कामी पैसे देण्याचे नाकारले, कारण हा गृहस्थ खड्ड्यात सोने ओततो आहे असे त्याला वाटले. पुढे त्यानेच कबूल केले की टाटांनी माती टाकून सोने काढले, अशी आख्यायिका आहे.

५/ १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित करण्यात आले. त्याच दिवशी ही गिरणी सुरू झाली, म्हणून तिचे नाव ‘एम्प्रेस’. कारभार सोपवला गेला बेझनजी मेहता यांच्याकडे. ते रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातून आलेले. कापड गिरणीचा अनुभव शून्य. आज मेकॅनिकल किंवा सिव्हिलची पदवी घेऊन सॉफ्टवेअरमध्ये शिरणाऱ्यांनी संकोच करण्याचे कारण नाही. शाखा बदलण्याची परंपरा नागपुरात जुनी आहे.

६/ गिरणीपुढचा पहिला मोठा प्रश्न यंत्रांचा नव्हता, माणसांचा होता. शेताच्या आणि सणाच्या लयीत वाढलेला माणूस रोज ठरलेल्या वेळी फाटकाशी हजर राहीना. रोज कामगारांचा मोठा हिस्सा गैरहजर असे. दंड करावा तर माणूस कायमचाच निघून जाई. तेव्हा व्यवस्थापनाने उलटा मार्ग धरला : नियमित येणाऱ्यांना बक्षिसे आणि टिकून राहणाऱ्यांसाठी निधी.

७/ १८८६ मध्ये एम्प्रेस गिरणीत निवृत्तिवेतन निधी सुरू झाला. १८९५ मध्ये अपघाताची भरपाई देण्याची सोय झाली. पुढे भविष्य निर्वाह निधीही आला. यांपैकी काहीही तेव्हा कायद्याने बंधनकारक नव्हते. कामगार नुकसानभरपाईचा देशव्यापी कायदा १९२३ चा. भविष्य निर्वाह निधीचा १९५२ चा. यात औदार्य होते, तसाच व्यवहारही होता. शिकवलेला माणूस निघून गेला की शिकवण्याचा खर्च बुडतो, हे गणित आजच्या प्रत्येक मनुष्यबळ विभागाला पाठ आहे.

८/ गिरणीने पदवीधर तरुणांना उमेदवार म्हणून घेऊन खात्याखात्यांत फिरवून तयार करण्याची पद्धतही आणली. आजचा ‘ट्रेनी’ याच वंशातला. १८८० च्या दशकात येथे रिंग चात्यांचे प्रयोग झाले, तेही लँकेशायर जुन्या म्यूल यंत्रांना चिकटून असताना. म्हणजे दूरच्या प्रांतातले हे शहर नव्या तंत्राला उशिरा नव्हे, लवकर भिडले होते. ‘नागपूर निवांत आहे’ असे म्हणणाऱ्यांनी ही नोंद लक्षात ठेवावी.

९/ आता ज्यांच्या दारात हे नवे तंत्र न बोलावता आले, त्यांच्याकडे वळू. इतवारी, महाल, गोळीबार चौक या भागांत हलबा-कोष्टी विणकरांची घरे होती. नागपुरी लुगड्याला नाव होते. गिरणी आली आणि हातमाग एका रात्रीत मेला, अशी समजूत असते. प्रत्यक्षात असे झाले नाही. यंत्राने प्रथम घास घेतला तो हाताने सूत कातणाऱ्यांचा. विणकर गिरणीचे सूत घेऊन दीर्घकाळ माग चालवत राहिला. पण त्याचा कच्चा माल, त्याची किंमत आणि त्याची स्पर्धा या तिन्ही गोष्टी आता दुसऱ्याच्या हाती गेल्या होत्या.

१०/ या समाजाने शहराला आणखी एक गोष्ट दिली : सावजी जेवण. काळ्या मसाल्याचा, तेलाचा तवंग असलेला तो झणझणीत रस्सा मुळात विणकरांच्या स्वयंपाकघरातला. मागाचे काम आटले, तेव्हा अनेक कुटुंबांना या चुलीने आधार दिला. शनिवारी रात्री आयटीतला चमू ‘सावजी’ला जातो आणि कपाळाचा घाम पुसत दुसरी पोळी मागतो, तेव्हा आपण एका मागे पडलेल्या धंद्याच्या दुसऱ्या जन्मात बसलो आहोत, हे त्याच्या ध्यानी नसते.

११/ गिरणीने शहराचा नकाशाही बदलला. उत्तरेकडे इंदोरा भागात कामगारांच्या वसाहती वाढल्या; बेझनबाग हे नाव आजही बेझनजींची आठवण ठेवून आहे. या वस्त्यांतून गिरणी कामगार, विडी कामगार आणि रेल्वेतले मजूर यांची चळवळ उभी राहिली. कामगार संघटनेत रा. स. रुईकर यांचे नेतृत्व होते; शेजारच्या कामठीत बाबू हरदास यांनी विडी कामगारांना संघटित केले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर जो जनसागर लोटला, त्यामागे अशा कष्टकरी वस्त्यांची अनेक वर्षांची जागृती होती.

१२/ एक तारीख आयटीवाल्यांनी जपून ठेवावी. १९४६ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ वरून ४८ तासांवर आला. तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. आंबेडकरांकडे होते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही आठवड्याची मर्यादा ४८ तासांचीच आहे. सात दशकांत आकडा हलला नाही. बदलले ते इतकेच की गिरणीतले तास भोंग्याने जाहीर होत. आजचे तास रात्री साडेअकराच्या कॉलमध्ये, कुणाला ऐकू न जाता, मोजले जातात किंवा मोजायचे राहतात.

१३/ १९५६ मध्ये नागपूरचे राजधानीपण गेले. १९६० मध्ये ते महाराष्ट्राची उपराजधानी झाले. १९५३ च्या नागपूर करारातून आलेले हिवाळी अधिवेशन उरले. शिक्षणाची दारे मात्र उघडत गेली. १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था, १९६० मध्ये विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालय, १९८४ मध्ये रामदेवबाबा आणि वानाडोंगरीचे यशवंतराव चव्हाण. शहर अभियंते घडवू लागले, पण त्यांना सामावून घेणारी कार्यालये येथे नव्हती. म्हणून पुण्याची गाडी भरू लागली.

१४/ नागपूरच्या मध्यमवर्गीय घरांत एक संपूर्ण कालखंड या गाडीने व्यापला आहे. दिवाळीला येणारा मुलगा, परत जाताना बॅगेत कोंबलेली संत्राबर्फी, आणि ‘इकडे काही निघाले तर बघ’ हे स्टेशनवरचे शेवटचे वाक्य. पुण्यात त्याच्या ‘करून राहिलो’वर कुणी हसे, काही वर्षांत तो ‘करतोय’ म्हणू लागे. स्थलांतराची ही किंमत कोणत्याही जनगणनेत नोंदली गेली नाही.

१५/ मग आले २००२. १९८६ पासून राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे असलेली एम्प्रेस गिरणी त्या वर्षी कायमची बंद झाली. त्याच वर्षी मिहान प्रकल्पासाठी महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षी विश्वेश्वरय्या महाविद्यालयाला राष्ट्रीय संस्थेचा दर्जा मिळाला. या तिन्ही घटनांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध नाही. तरीही एका शहराची कूस बदलण्याचे वर्ष शोधायचे झाले, तर बोट येथेच थांबते. गिरणीच्या जागेवर पुढे मॉल आणि सदनिका उभ्या राहिल्या.

१६/ परसोडीच्या आयटी पार्कात पर्सिस्टंटसारखी कंपनी आली. मिहानमध्ये टीसीएस, एचसीएल, टेक महिंद्रा, इन्फोसिस. मात्र मिहानची जमीन रिकामी नव्हती. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव ही त्या परिसरातील गावे. तेथील शेतकऱ्यांचे मोबदल्याचे आणि पुनर्वसनाचे प्रश्न वर्षानुवर्षे चालले. ज्याने जमीन दिली त्याचा नातू त्याच काचेच्या इमारतीत अभियंता म्हणून शिरतो की फाटकावर पहारेकरी म्हणून, यावर विकासाचा खरा ताळेबंद ठरतो.

१७/ त्रिमूर्तीनगर-प्रतापनगरचा पट्टा वेगळ्या रीतीने बदलला. शेतमालकांनी शेताचे तुकडे पाडले, गृहनिर्माण सहकारी संस्थांनी ते विकले आणि ‘लेआउट’ जन्मले. टेलिकॉमनगर हे नावच सांगते की प्लॉट कुणी घेतले. ‘५७२ लेआउट’, ‘१९०० लेआउट’, ‘आरएल लेटर’ हे शब्द बाहेरच्या माणसाला सांकेतिक वाटतील. नागपूरकराला ठाऊक आहे की घर आधी बांधले गेले आणि नियमितीकरणाचा कागद मागून आला. आज त्याच प्लॉटवरचे पेरूचे झाड आणि कूलरची जाळी उतरवून ‘फ्लॅट स्कीम’ उभी राहते. खालच्या मजल्यावर जुने मालक, वरच्या मजल्यांवर भाड्याने राहणारे तरुण.

१८/ या वाढीने पाण्याची वाट मात्र विचारात घेतली नाही. अंबाझरी तलाव एकोणिसाव्या शतकात शहराला पाणी पाजत असे. त्याच्या सांडव्याचे पाणी नाग नदीला मिळते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, तलाव ओसंडला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी पाण्याखाली गेली. उंच होत गेलेल्या सिमेंट रस्त्यांनी जुन्या घरांची जोती आधीच खाली टाकली होती. गिरणीने पाणथळ जमीन भरली तेव्हा शहराची वस्ती लाखाच्या आसपास होती. २०११ मध्ये ती २४ लाख होती. तीच चूक आता कितीतरी महाग पडते.

१९/ २०२० च्या टाळेबंदीत पुण्याची गाडी उलटी भरून आली. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर आले, आईवडिलांनी प्रथमच आपल्या मुलाचे काम ‘पाहिले’. काही परत गेले, काही राहिले. ११ डिसेंबर २०२२ रोजी मेट्रोच्या पहिल्या टप्प्याचे उरलेले मार्ग खुले झाले आणि इंदोरा चौकात चढलेला तरुण थेट खापरीला उतरू लागला. आजोबांची गिरणी-वस्ती आणि नातवाचे मिहान आता एकाच मार्गावर आहेत. मधले अंतर एका पिढीच्या शिक्षणाने कापले आहे.

२०/ आणि आता संगणकच संगणकाची भाषा लिहू लागला आहे. परसोडीच्या चहाटपरीवर यावर बोलणे चालते. विनोदात भीती लपवली जाते. इतिहास भविष्य सांगत नाही. कोष्ट्यांचा अनुभव एवढेच दाखवतो की यंत्र सगळ्यांना एकदम गाठत नाही. ते आधी सूत कातणाऱ्याला गाठते आणि विणकर समजतो की आपण वाचलो. अशा वेळी हाताशी दुसरे कौशल्य आणि सोबतीला आपली माणसे असणे, यावर पुढचे ठरते.

२१/ एम्प्रेसमध्ये कामगाराला संघटना होती, वस्ती होती, एकाच भोंग्याने जागे होणारे शेजारी होते. आयटीतल्या तरुणाकडे पगार अधिक आहे, पण शेजाऱ्याचे नाव त्याला बहुधा ठाऊक नसते. गिरणीचा सव्वाशे वर्षांचा काळ संपला. कार्यालयांचाही कधीतरी संपेल. उरते ती वस्ती. म्हणून पुढच्या वेळी पगारपत्रकातील ती ओळ दिसली, तर खालच्या मजल्यावरच्या आजोबांशी दोन शब्द बोलून पाहा. ते टेलिकॉममध्ये होते की एम्प्रेसमध्ये, हे विचारण्यापासून सुरुवात करता येईल.

धागा समाप्त. आपल्या घरात कुणी गिरणीत काम केले असेल, तर त्यांची आठवण येथे जरूर लिहा.