आठ आण्याला एक कुत्रा : १८३२ ची मुंबई आणि आमच्या सोसायटीची नोटीस

गेल्या सोमवारी आमच्या लिफ्टशेजारी नोटीस लागली. "रविवारच्या सभेत ठराव : पाळीव कुत्र्यांना लिफ्ट व आवार वापरण्यास मनाई." खाली सेक्रेटरींची सही.

मी गिरगावात राहतो. चाळ पाडून टॉवर झाला, त्यातल्या नवव्या मजल्यावर. माझी चिंगी साडेपाच किलोची आहे. जात विचारू नका, तिलाही माहीत नाही. भाजीला जाताना ती बरोबर असते, इस्त्रीवाल्याकडे असते, रविवारी सकाळी फोर्टात भटकायला जातो तेव्हाही असते. दमली की खांद्यावरच्या कापडी झोळीत बसते. नवव्या मजल्यावरून जिन्यानं चढउतार मी अजून करू शकतो. चिंगी आता अकरा वर्षांची आहे, तिचे मागचे पाय दुखतात. म्हणजे ठराव झाला तर तिचं बाहेर पडणं जवळजवळ संपलं.

ही पोस्ट रडगाणं म्हणून लिहीत नाहीये. या शहराला कुत्र्यांवरून झालेल्या एका मोठ्या भांडणाचा इतिहास आहे, आणि तो फारसा कुणी सांगत नाही. सभेआधी तो सगळ्यांनी वाचावा असं वाटलं.

साल १८३२. जानेवारीच्या ६ तारखेला बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' निघालं, ते आपल्याला पत्रकार दिनामुळे पाठ असतं. बरोबर पाच महिन्यांनी, ६ जूनला, याच मुंबईत दंगल उसळली. कारण होतं कुत्री.

तेव्हाची मुंबई डोळ्यासमोर आणा. फोर्टाभोवती खरोखरची तटबंदी होती. ती पुढं १८६० च्या दशकात पाडली. आत इंग्रजांच्या कचेऱ्या, आणि उत्तरेच्या बाजूला पारशी व इतर व्यापाऱ्यांची दाट वस्ती. कुलाबा अजून वेगळं बेट. तिथं जायचा बांधीव रस्ता १८३८ मध्ये झाला, तोवर होडी नाहीतर ओहोटी. रस्त्यावर भटकी कुत्री भरपूर, आणि कुत्रं पिसाळण्याची भीती खरी. चावा घेणारं कुत्रं पिसाळलेलं निघालं आणि माणसाला रोग झाला, तर मरण ठरलेलं. औषध नाही, लस नाही.

कंपनी सरकारच्या हातात एकच उपाय होता, काठी. १८१३ पासून नियम होता की वर्षातल्या ठरावीक काळात, उन्हाळ्यात आणि पावसाळा सरताना, बेवारस कुत्री मारायची. १८३२ मध्ये उन्हाळ्यातली मुदत जूनच्या मध्यापर्यंत वाढवली. आणि दर कुत्र्यामागे आठ आणे इनाम.

आज आठ आणे म्हटलं की हसू येतं. तेव्हा साध्या मजुराला तेवढ्यासाठी काही दिवस राबावं लागे. नगामागे पैसे मिळायला लागले की माणूस नग मोजतो. कुत्रं बेवारस आहे की कुणाच्या ओट्यावर झोपलंय, हे बघत बसायला कुणाला वेळ? मारणारे लोकांच्या घराच्या आवारात शिरून पाळलेली कुत्रीही ओढून नेतात, अशी ओरड सुरू झाली.

पारशी समाजाला हे जास्त लागलं, त्यालाही कारण आहे. त्यांच्या धर्मात कुत्र्याला मान आहे. माणूस गेला की प्रेताला कुत्र्याची नजर दाखवण्याचा विधी असतो, त्याला सगदीद म्हणतात. ज्या प्राण्याशिवाय शेवटचा निरोप पुरा होत नाही, त्यालाच दारासमोर ठेचून मारताना बघायचं. त्यात ६ जून हा त्यांच्या सणाचा दिवस होता.

त्या दिवशी कुत्री मारणाऱ्या शिपायांवर जमाव चालून गेला. दुसऱ्या दिवशी, ७ जूनला, प्रकरण आणखी वाढलं. दुकानं बंद झाली, बाजार थांबला. पारशांबरोबर हिंदू, जैन, मुसलमानही त्यात होते. कुलाब्याच्या छावणीतल्या गोऱ्या सैनिकांची रसद अडवली गेली. वेगळं बेट असल्यामुळे ही अडवणूक चांगलीच झोंबली असणार. साहेबांच्या गाड्यांवर घाण फेकली गेली. शेवटी सैन्य बोलवावं लागलं. धरपकड झाली, खटले चालले, शिक्षा झाल्या.

आता यात कोण बरोबर होतं?

इंग्रज अधिकाऱ्याची भीती खोटी नव्हती. पिसाळलेलं कुत्रं चावून माणूस मरताना ज्यानं पाहिलंय, तो काठी उचलणारच. आणि लोकांचा रागही खोटा नव्हता. चूक झाली ती तिसऱ्याच ठिकाणी. ज्यांच्या गल्लीत हे करायचं होतं, त्यांना कुणी विचारलंच नाही. नियम वरून आला, मुदत वरून वाढली आणि अंमलबजावणी नगावर सोपवली. पाळलेलं कुठलं, बेवारस कुठलं आणि पिसाळलेलं कुठलं, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. सरकारनं तिन्हींना एकच उत्तर दिलं.

पुढं शहाणपणही याच शहरानं दाखवलं. मारण्यापेक्षा कुत्री शहराबाहेर न्यावीत, असा तोडगा पुढं आला. आणि १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांनी मुंबईचा पांजरापोळ सुरू केला. एक पारशी, एक जैन. सरकार ज्या प्राण्यांना मारत होतं, त्यांना ठेवायला जागा हवी, हा हेतू. भुलेश्वरला आजही तो आहे. माझ्या घरापासून चालत जाता येतं. चिंगीला घेऊन मी तिथून कितीतरी वेळा गेलोय. गायींच्या वासानं ती झोळीतून मान बाहेर काढते. ही जागा कुत्र्यांच्या दंगलीनंतर दोनच वर्षांनी उभी राहिली, हे मला पन्नाशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं.

खरा फरक पडला तो मात्र मुंबईपासून फार लांब. ६ जुलै १८८५ ला पॅरिसमध्ये लुई पाश्चरनं जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला रेबीजची लस दिली. मुलगा वाचला. त्या दिवसापासून काठी हा एकमेव उपाय राहिला नाही. आपल्याकडे १९०० मध्ये कसौलीला पाश्चर इन्स्टिट्यूट निघाली. त्याआधी इथल्या गोऱ्या सैनिकाला कुत्रं चावलं तर उपचारासाठी पॅरिसला पाठवत. मुंबईत परळला हाफकिनची प्रयोगशाळा आली ती प्लेगसाठी, पण पुढं तिथं रेबीजची लसही तयार होऊ लागली. त्याच परळमध्ये सर दिनशा पेटिटांनी १८८३ साली जनावरांचं इस्पितळ काढलेलं होतं. चिंगीला दरवर्षी लस टोचायला मी तिथंच नेतो.

उपाय बदलला तरी सवय लवकर बदलली नाही. लस हाताशी असूनही मुंबईत कुत्री मारणं चालू राहिलं ते थेट १९९० च्या दशकापर्यंत. मग नसबंदी आणि लसीकरणाचा मार्ग धरला. २००१ मध्ये देशभरासाठी तसे नियम झाले, २०२३ मध्ये ते नव्यानं आले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानं दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा असं सांगितलं, अकरा दिवसांत मोठ्या खंडपीठानं तो आदेश बदलला, आणि नोव्हेंबरमध्ये शाळा, हॉस्पिटल, बसस्टँड, रेल्वे स्टेशन इथली कुत्री हटवायला सांगितलं. म्हणजे १८३२ चा वाद अजून मिटलेला नाही.

आता आमच्या नोटिशीकडे येतो.

हा ठराव कुठून आला ते मला माहीत आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या सहा वर्षांच्या मुलीला गेल्या महिन्यात फाटकाबाहेर भटकं कुत्रं चावलं. पोटरीला चार दात. तिचा इंजेक्शनांचा कोर्स झाला, ती ठणठणीत आहे, पण आता कुठलंही कुत्रं दिसलं की किंचाळते. परवा लिफ्टचं दार उघडलं, आत मी आणि चिंगी. पोरगी आईच्या साडीत घुसली. वहिनी मला म्हणाल्या, "भाऊ, तुमची काही करत नाही हे मला कळतं हो. हिला कसं कळावं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी चिंगीला घेऊन बाहेर आलो आणि त्यांना लिफ्ट दिली. इतकी वर्षं "ती काही करत नाही" हे वाक्य मी दहादा म्हटलं असेल, समोरच्याला ते ऐकून काहीच दिलासा मिळत नाही हे त्या दिवशी कळलं.

कायद्याचं म्हणाल तर तो माझ्या बाजूचा आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला पाळीव प्राण्यांना लिफ्टबंदी करता येत नाही. सेक्रेटरींना तो कागद मी देणारच आहे. पण कागद फडकवून सभा जिंकली, तर दुसऱ्या मजल्यावरची मुलगी लिफ्टमध्ये तशीच किंचाळत राहील. वरून आलेला नियम या वेळी माझ्या सोयीचा आहे, एवढाच फरक.

म्हणून रविवारी मी या गोष्टी मांडणार आहे. पाळीव कुत्र्याचा महापालिकेचा परवाना आणि लसीची वही दरवर्षी ऑफिसात दाखवायची. लिफ्टमध्ये आणि आवारात पट्टा सक्तीचा, माझ्यासारख्या झोळीवाल्यालाही. लिफ्टमध्ये आधी कुणी असेल तर विचारायचं, नको म्हणाले तर पुढची लिफ्ट. घाण केली तर मालकानं तिथंच उचलायची, नाहीतर दंड. आणि सगळ्यात महत्त्वाचं, फाटकाबाहेरच्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण व्हावं म्हणून महापालिकेकडे सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज. पाठपुरावा मी करीन. कारण मुलीला चावलेलं कुत्रं नवव्या मजल्यावर राहत नाही. चिंगीला लिफ्टमधून काढून ते फाटकाबाहेरून जाणार नाही.

माझ्यासारखे कुत्रेवालेही यात सुटत नाहीत, हे लिहून ठेवतो. गेल्या पावसात एका खाजगी बसच्या ड्रायव्हरनं मला चिंगीसकट उतरवलं तेव्हा मी खूप चिडलो होतो. नंतर कळलं, आधीच्या फेरीत कुणाच्या तरी कुत्र्यानं सीटवर घाण करून ठेवली होती आणि मालक काही न बोलता उतरून गेला होता. ते धुवायचं काम त्या ड्रायव्हरवर आलं. रेल्वेनं निदान नियम लिहून ठेवलाय. कुत्र्याला आपल्याबरोबर ठेवायचं तर फर्स्ट क्लासचा अख्खा कूपे किंवा केबिन घ्या, नाहीतर त्याला गार्डच्या डब्यातल्या पेटीत ठेवा. महागडा आहे, पण भांडण तरी होत नाही.

सभा रविवारी सकाळी दहाला, तळमजल्यावर. वहिनींशी काल बोललो, त्या येणार आहेत. पट्ट्याचं आणि लिफ्टमध्ये विचारायचं त्यांना पटलं, अर्जावर पहिली सही त्यांचीच असेल म्हणाल्या. मुलीला चिंगी लांबून दाखवायची का, असंही मी विचारलं. "आत्ता नको," म्हणाल्या. ठीक आहे, आत्ता नको.

तुमच्या सोसायटीत, गावात असा काही नियम एकत्र बसून ठरला असेल, तर कमेंटमध्ये जरूर लिहा. रविवारपर्यंत उपयोगी पडेल.