कळलावी

(खड्यानाग, हिं. कलिहारी, सं. लांगली, अग्निशिखा, लॅ. ग्लोरिओझा सुपर्बा, कुल–कोल्चिकेसी). सह्याद्रीतील बहुवर्षायू, कंदधारी वेल. पालघर जिल्ह्यात पावसाळ्यात डोंगरउतारांवरील झुडपांत, तसेच कुंपणांवर आढळते. मूलक्षोड (कंद) नांगराच्या फाळासारखे वाकलेले. पाने बिनदेठाची, त्यांच्या टोकांच्या प्रतानांनी (तणाव्यांनी) वेल आधार धरते. फुले जुलै–ऑक्टोबरमध्ये येतात. सहा नागमोडी परिदले (पाकळ्या) मागे वळलेली, प्रथम हिरवट, मग पिवळी व शेवटी लाल होतात; किंजल (स्त्रीकेसराचा दांडा) काटकोनात बाजूला वळतो. फळ (बोंड) तडकल्यावर लालसर बिया दिसतात. कळलावी तमिळनाडूचे राज्यफूल आहे.

लागवड : मेअखेर किंवा जूनच्या आरंभी, निचऱ्याच्या जमिनीत शाबूत डोळ्याचा कंद ५–८ सेंमी. खोल आडवा लावतात. कोंब मोडल्यास कंद वाया जातो. वेलीला काठीचा किंवा जाळीचा आधार देतात. पाने पिवळी पडताच पाणी तोडून कंद जमिनीतच किंवा कोरड्या वाळूत ठेवतात. बियांपासूनच्या रोपांना फुले यायला काही वर्षे लागतात.

सर्व भाग, विशेषतः कंद व बिया, कोल्चिसीन या द्रव्यामुळे अतिविषारी असतात. कंद हातमोजे घालूनच हाताळावेत व मुले-गुरांपासून दूर ठेवावेत. हेच कोल्चिसीन औषध म्हणून संधिरोगावर (गाऊट) वापरतात. औषधांसाठीच्या बेसुमार खोदाईने ही वेल विरळ होत असल्याने रानातले कंद न उपटता रोपवाटिकेतील कंद लावावेत.